दहा महिने, एक बॅग आणि "असू दे, लागलं तर"

"ताई, मी ३२ वर्षांची आहे, नोकरीतून दहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळालीये आणि एकटीच फिरायला निघतेय. मार्चमध्ये जपान, मग दक्षिण कोरिया, मधले गरमीचे महिने व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, ऑक्टोबरमध्ये जॉर्जिया आणि शेवटी डिसेंबरपर्यंत स्पेन, पोर्तुगाल. सगळं जमवून भरलं तर २३ किलोची ट्रॉली आणि पाठीवर ११ किलो झालं. रोज काढते नि रोज परत भरते. थायरॉइडच्या गोळ्या आहेत, चष्मा आहे, लॅपटॉप न्यायचाच आहे. जाड कोट घेऊ का? एखादा बरा ड्रेस असावा का? आणि आजी गेल्यापासून तिची लोकरीची शाल माझ्याजवळ असते, ती ७०० ग्रॅमची आहे, सगळे म्हणतात ती तरी घरी ठेव. यादी सोबत पाठवतेय. खरं सांगू का, सारखं वाटतं की काहीतरी राहून जाईल आणि मी तिकडे एकटी अडकेन."

अगं, पत्र वाचलं, यादी पण वाचली, सगळीच्या सगळी, १४३ ओळींची. आणि परत परत माझी नजर तुझ्या शेवटच्या वाक्यावर जाऊन थांबतेय. ३४ किलोंपैकी निम्मं वजन तरी त्या वाक्याचं आहे असं मला वाटतं. छत्री आहे आणि रेनकोट पण आहे, टॉर्च आहे (फोनमध्ये असतो ना), शाम्पूच्या सहा बाटल्या आहेत, चार हँडबॅगा आहेत, आणि अकराएक वस्तूंपुढे तू स्वतःच लिहिलंयस "असू दे, लागलं तर". ही असली सामानं आपण जिवाला जरा बरं वाटावं म्हणून भरतो आणि एकटीने एवढ्या लांब निघताना तसं वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात तुझं काही चुकलेलं नाहीये. फक्त ती भीती पाठीवर घेऊन दहा महिने जिने चढायचे आहेत, म्हणून आधी तिच्याशीच बोलूया.

दहा महिन्यांचं सामान असं काही नसतंच. आठवड्याचं सामान असतं आणि ते धुऊन धुऊन दहा महिने वापरायचं असतं. तू तीन आठवडे जा नाहीतर तीन वर्षं जा, बॅग तेवढीच राहते, कारण कपडे आठवड्याला धुवायचेच आहेत आणि साबण, शाम्पू, पेस्ट संपली की तिथे जी मिळेल ती घ्यायचीये. ज्या गावात माणसं राहतात तिथे माणसांना लागणाऱ्या वस्तू मिळतात. टोकियोतल्या बाईलाही केस धुवायचे असतातच.

मग काय न्यायचं? मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारते: हे हरवलं तर संध्याकाळपर्यंत त्या गावात दुसरं मिळेल का? मिळणार असेल तर ती वस्तू बॅगेत आली काय, नाही आली काय, फार फरक पडत नाही. मिळणार नसेल तर मात्र तिला बॅगेतली सगळ्यात चांगली जागा द्यायची. तुझ्या नंबरचा चष्मा संध्याकाळपर्यंत मिळणार नाही. तुझ्या गोळ्या कदाचित मिळतील, पण प्रिस्क्रिप्शन, भाषा, सुट्टीचा दिवस हे सगळं आडवं येऊ शकतं. पासपोर्ट मिळणार नाही. लॅपटॉपमधल्या फायली मिळणार नाहीत. आणि आजीची शाल मिळणार नाही, तिच्याकडे मी शेवटी येते. तुझ्या यादीत शाम्पूच्या सहा बाटल्या नावानिशी आहेत आणि सगळ्यात खाली एका ओळीत "औषधं, चष्मा वगैरे". ती खालची ओळ पहिली आण, तिथूनच भरायला सुरुवात कर.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, तर माझ्या पहिल्या लांबच्या प्रवासात दोन मोठ्या बॅगा चेक-इन केल्या होत्या आणि जास्तीचा चष्मा, औषधं, चार्जर सगळं त्यातच. विमानात चष्म्यावर बसले, काडी मोडली, आणि उतरल्यावर पट्ट्यावर माझ्या बॅगाच आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या. ते पाच दिवस मी मोडका चष्मा टेपने चिकटवून एका परक्या शहरात काढले आणि औषधासाठी डॉक्टर शोधत फिरले, ते फिरणं मी अजून विसरलेले नाही. पण त्याच पाच दिवसांत अजून एक कळलं, अंगावरचा एक जोड, विकत घेतलेले दोन टी-शर्ट आणि एक साबण यावर माझं नीट चाललं होतं. बॅगा आल्या तेव्हा आनंद चष्म्याचा आणि औषधांचा झाला, बाकीच्या चाळीस किलोंतलं काय काय होतं तेही मला पटकन आठवेना.

(कधी चेक-इन बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडायच्या आधी बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून घ्यायची, त्याला प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट म्हणतात, त्याचा नंबर जपून ठेवायचा. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे बॅग तुटली-फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आली असेल तर २१ दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि २१ दिवस आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक.)

आता गोळ्या. इथे जरा थांबून नीट वाच, कारण तुझा पहिलाच मुक्काम जपान आहे आणि जपानचे नियम या बाबतीत कडक आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं स्वतःसाठी एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त न्यायची असतील तर निघायच्या आधी अर्ज करून "युन्यू काकुनिन-शो" नावाचं पत्र मिळवावं लागतं. तू दहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन निघणारेस म्हणजे तुला ते लागणारच, ऐनवेळी धावपळ नको म्हणून हे काम आत्ताच हातात घे. अजून एक, सर्दीच्या काही साध्या गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि त्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असेल तर ते औषध जपानमध्ये न्यायलाच बंदी आहे, तेव्हा घरातलं औषधांचं डबडं उचलून तसंच बॅगेत टाकू नकोस, एकेक पाकीट वाचून बघ. बाकी देशांचे नियम पण त्या त्या दूतावासाच्या साइटवर बघ, प्रत्येकाचं वेगळं असतं.

डॉक्टरांकडून एक पत्र घे, त्यात ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, तुझ्या बाबतीत ते बहुतेक लेव्होथायरॉक्सिन असेल, आणि डोस, आणि किती महिन्यांसाठी ते. गोळ्या मूळ पाकिटातच ठेव, सुट्या करून डबीत भरल्यास तर कस्टमवाल्याला त्या कसल्या आहेत हे कळायला मार्ग नाही. या गोळ्यांना ऊन आणि दमट हवा मानवत नाही, म्हणून व्हिएतनाम-थायलंडमध्ये बॅग उन्हात ठेवून जाऊ नकोस. डॉक्टरांना हेही विचारून ठेव की वाटेत दुसऱ्या कंपनीची गोळी घ्यायची वेळ आली तर रक्ततपासणी कधी करायची. दहा महिन्यांच्या गोळ्यांचं वजन किती गं, दोनशे ग्रॅम. त्यात कंजुषी करायची नाही. जास्तीचा चष्मा कडक डबीत, आणि नंबरचा कागद फोनमध्ये फोटो काढून पण आणि छापून पण. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेवरून मोज, निघायच्या नको, कारण इंडोनेशियाला पोचताना सहा महिने शिल्लक लागतात आणि स्पेन-पोर्तुगालसाठी तिथून निघाल्यावर पुढे तीन महिने शिल्लक असावी लागते शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा.

हे झालं की बाकी सगळं सोपं आहे, खरंच.

कपड्यांचं सांगते. तीन-चार टॉप, दोन पँट, एक हलकी शॉर्ट्स किंवा स्कर्ट, झोपायला एक जोड जो अडचणीला बाहेर पण चालेल, आतले कपडे सहा, मोजे तीन जोड, एक फ्लीस किंवा स्वेटर, एक पातळ पिसांचं जॅकेट आणि एक पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. यातला एक जोड अंगावर असणारे, म्हणजे बॅगेत त्याहून कमी. रंग असे घे की कुठलाही टॉप कुठल्याही पँटवर चालेल, तुझ्या यादीतला तो जांभळा टॉप फक्त एकाच पँटवर जातो असं तूच लिहिलंयस ना, मग तो राहू दे घरी, परत आल्यावर नवाकोरा वाटेल.

जीन्स नेऊ नकोस असं मी सगळ्यांना सांगते आणि सगळे रागावतात. पण एक जीन्स सहा-सातशे ग्रॅमची असते आणि दमट हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही, कंबरपट्टी आणि खिसे ओलेच राहतात नि मग वास मारतात. पातळ सिंथेटिक पँट निम्म्या वजनाची असते आणि रात्रीत वाळते. टी-शर्टचं पण तेच, सुती अंगाला छान वाटतो पण पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टर पटकन वाळतो पण घामाचा वास लवकर धरतो, कारण त्या धाग्याला तेलकटपणा चिकटून राहतो. मेरिनो लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओल आत घेऊ शकतो आणि वास फार कमी धरतो, दोन-तीन दिवस घातला तरी चालतो, गरमीत पण. महाग असतो आणि नाजूक पण असतो, बॅगेचा पट्टा घासून घासून भोकं पडतात. म्हणून सगळे मेरिनो घे असं मी म्हणणार नाही, एक किंवा दोन घे, बाकी तुझ्याकडे आहेत त्यातले पातळ, लवकर वाळणारे निवड. या ट्रिपसाठी सगळं नवीन विकत घेऊ नकोस. न वापरलेला कपडा टोचतो की नाही हे तिसऱ्या दिवशी कळतं.

जाड कोट नको. तू तुझाच रूट बघ ना, मार्चमध्ये टोकियोत पहाटे साधारण पाच अंश आणि दुपारी तेरा-चौदा, ऑक्टोबरात जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, हवा सुखाची असते, डिसेंबरात लिस्बनमध्ये दिवसा पंधराच्या आसपास आणि पाऊस. बर्फात राहायचा एकही महिना नाहीये. आणि थंडी जाडीने अडत नाही, थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि सगळ्यात वरचा थर वारा अडवतो. टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, त्यावर पावसाचं, हे चार थर मिळून किलोभराच्या आत बसतात आणि वेगवेगळे पण वापरता येतात. कोट दीड-दोन किलोचा असतो आणि मधले सहा महिने गरमीत नुसता वाहायचा. पिसं भिजली की ऊब जाते एवढंच लक्षात ठेव, पावसात वरचं जॅकेट घालायचं. जॉर्जियात काझबेगीच्या बाजूला वर डोंगरात गेलीस आणि कडाक्याची थंडी लागलीच तर तिथे जुनं स्वेटर विकत घे, घाल, आणि निघताना कुणाला तरी देऊन ये.

धुणं. यावर लोक हलकं सामान भरणाऱ्यांना हसतात पण सगळी गोम इथेच आहे, कारण धुवायची सवय नसेल तर सात दिवसांचे कपडे आठव्या दिवशी संपतात. रोज रात्री अंघोळीच्या वेळी मोजे, आतले कपडे आणि एक टी-शर्ट बेसिनमध्ये धुऊन टाकायचा, दहा मिनिटांचं काम आहे. बेसिनला बूच नसतं बऱ्याच ठिकाणी, म्हणून रबराची एक चपटी चकती जवळ ठेव, ती कुठल्याही भोकावर बसते. मग मुख्य युक्ती: हाताने पिळून झालं की कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर कपडा ठेवायचा, दोन्ही मिळून वळकटी करायची आणि ती वळकटी जोरात पिळायची, वरून गुडघा दाबला तरी चालेल. टॉवेल सगळं पाणी ओढून घेतो आणि जो कपडा सकाळपर्यंत ओला राहिला असता तो पहाटेच वाळलेला मिळतो. नंतर पंख्याखाली किंवा खिडकीजवळ टांगायचा, बंद बाथरूममध्ये नाही, तिथली हवा आधीच ओली असते. दोन मीटर दोरी आणि चार चिमटे, बस. आठवड्यातून एकदा मात्र मशीनला किंवा लॉन्ड्रीत सगळं एकदम दे, कारण रोजचं हाताचं धुणं मळ पूर्ण काढत नाही आणि तुलाही एक दिवस विश्रांती हवी. त्या दिवशी अंगावर काय घालायचं हे आधी ठरवून ठेव म्हणजे झालं.

बऱ्या ड्रेसबद्दल. तुला नेली ब्लायची गोष्ट सांगते, ती अमेरिकेतली पत्रकार, १४ नोव्हेंबर १८८९ ला न्यूयॉर्कजवळून निघाली आणि २५ जानेवारी १८९० ला परत आली, ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा, आगबोटीने नि रेल्वेने, आणि सोबत फक्त एक हातातली पिशवी, जेमतेम १६ इंच रुंद आणि ७ इंच उंच. अंगावर एकच पोशाख आणि कोट. पिशवीत आतले कपडे, रुमाल, टोप्या, सपाता, दौत, पेनं, कागद, सुई-दोरा, आणि कोल्ड क्रीमची एक बरणी. त्या बरणीने तिला सगळ्यात जास्त छळलं, पिशवी बंदच होईना तिच्यापायी! आणि हाँगकाँगमध्ये तिला एका सरकारी मेजवानीचं बोलावणं आलं तेव्हा संध्याकाळचा ड्रेस नसल्याची तिला चुटपुट लागली होती. तिनेच नंतर लिहिलंय की ती एक मेजवानी हुकली पण पेट्या-ट्रंका सांभाळायचा सगळा घोर वाचला. म्हणजे बघ, तू म्हणतेस तो प्रसंग खरंच येऊ शकतो, मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी दहा महिने वेगळा ड्रेस आणि त्यावरची चप्पल वाहण्यापेक्षा एक काळा, न चुरगळणारा, साधा ड्रेस घे जो तू एरवी पण टी-शर्टसारखा घालशील. एरवी घालणार नसशील तर तो नको. आणि यादीतल्या तुझ्या कोल्ड क्रीमच्या बरण्या कुठल्या ते शोधून काढ, माझ्या मते ते हेअर स्ट्रेटनर आणि दोन जाडजूड पुस्तकं.

बुटांचे दोनच जोड. एक चालायचे, ते प्रवासात पायात, आणि एक सँडल. बूट सगळ्यात जड आणि सगळ्यात आडमुठी वस्तू, तिसरा जोड आला की हिशेब कोसळतो. रिकाम्या बुटात मोजे भरायचे.

बॅग कुठली? तुझी मोठी ट्रॉली मला नको वाटतेय. आशियातल्या बऱ्याच एअरलाइन्स केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात आणि काउंटरवर खरंच वजन करतात, त्यात चाकंवाली छोटी ट्रॉली घेतलीस तरी ती रिकामीच अडीच-तीन किलोची, म्हणजे तुला उरले चार. बॅकपॅक साधारण सव्वा किलोची मिळते. युरोपातल्या स्वस्त एअरलाइन्सच्या सगळ्यात स्वस्त तिकिटात तर बहुतेक वेळा फक्त सीटखाली मावेल एवढीच बॅग धरलेली असते, वरच्या कप्प्यातल्या बॅगेचे वेगळे पैसे, ते तिकीट काढतानाच धरून चाल. जपानमध्ये टोकाइडो शिंकान्सेनला, म्हणजे टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनला, मे २०२० पासून तिन्ही बाजू मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर त्यासाठीची सीट आधी राखून ठेवावी लागते. आणि लिस्बनचा अल्फामा भाग म्हणजे दगडी चढ आणि पायऱ्याच पायऱ्या, तिथे चाकं काय करणार? ३५ ते ३८ लिटरची, साधारण ५५ बाय ४० बाय २० मध्ये बसणारी बॅकपॅक घे जी सूटकेससारखी पूर्ण उघडते, नाहीतर तळातला मोजा काढायला सगळं उपसावं लागतं. कमरेचा पट्टा चांगला हवा, कारण वजन खांद्यांवर नाही, कमरेच्या हाडावर यायला पाहिजे. घेताना उंची सांगू नकोस, पाठीची लांबी मोजून घे, मानेखालच्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. दुकानात आत वजन घालून पंधरा मिनिटं फिर, लाजायचं नाही. पाठीला त्रास असेल, डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलं असेल तर मात्र माझं ऐकू नकोस आणि खुशाल चाकांची घे, फक्त छोटी.

हवा काढून दाबायच्या पिशव्या तू दहा घेतल्यायत. त्या परत कर. त्याने जागा वाचते, वजन तसूभर कमी होत नाही, उलट जागा दिसली की आपण अजून भरतो. साध्या कापडी पिशव्या दोन-तीन पुरे, वस्तू सापडायला.

लॅपटॉप न्यायचाच आहे तर ने, पण मग टॅब आणि कॅमेरा यातलं काहीतरी एक सोड, मी टॅब सोडेन. पॉवरबँक नेहमी केबिनमध्ये, चेक-इनमध्ये कधीच नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आत असावी. २०,००० एमएएचची असेल तर ती साधारण ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. गेटवर ऐनवेळी तुझी बॅग खाली टाकायला घेतली तर आधी पॉवरबँक बाहेर काढ. दक्षिण कोरियाच्या विमानांत तर मार्च २०२५ पासून ती वरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, जवळच ठेवायची. आणि तो विटेएवढा जगभरचा अडॅप्टर नको, तुझ्या सगळ्या रूटवर चपट्या दोन पिना आणि गोल दोन पिना एवढ्यावर भागतं, दोन छोटे तुकडे घे. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना एवढं बघ, जपानमध्ये १०० व्होल्ट आहे. स्ट्रेटनरवर ते बहुतेक लिहिलेलं नसेल, त्याला घरी ठेवायचं अजून एक कारण.

शाम्पू, क्रीम वगैरे १०० मिलीच्या बाटल्यांत, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २००६ पासूनचा हा नियम काही विमानतळांवर आता नवीन स्कॅनर आल्यामुळे सैल झालाय पण तुला वाटेत डझनभर विमानतळ लागणार आहेत आणि सगळे तसे नाहीत. बाटली १०० मिलीची हवी, २०० च्या बाटलीत थोडंसंच उरलंय हे चालत नाही. साबणवडीसारखा शाम्पू मिळतो तो घेतलास तर हा प्रश्नच मिटला. पाळीसाठी कप वापरायचा विचार असेल तर घरी दोन-तीन महिने आधी वापरून बघ, पहिल्यांदा तिकडे जाऊन नको.

असं सगळं धरलं तर बॅग सव्वा किलो, कपडे अडीच, सँडल अर्धा, लॅपटॉप-चार्जर-पॉवरबँक मिळून पावणेदोन, अंघोळीचं अर्धा, औषधं-कागदपत्रं-चष्मा अर्धा. बरोबर सात. जॅकेट अंगावर.

निघायच्या दोन आठवडे आधी बॅग पूर्ण भर आणि एक आठवडा घरात फक्त त्याच बॅगेतून जग. कपाट उघडायचं नाही. बेसिनमधलं धुणं पण तेव्हाच सुरू कर. आणि त्यातल्या एका दिवशी ती पाठीवर घेऊन तासभर चाल, चार मजले चढ. त्या आठवड्यात ज्याला हातच लागला नाही ते काढून टाक, औषधं आणि पावसाचं जॅकेट सोडून. आणि जी वस्तू घ्यायला कपाटाकडे धावलीस ती यादीत घाल, मग ती मला कितीही अनावश्यक वाटो. "काहीतरी राहून जाईल" चं उत्तर तुला माझ्या पत्रात नाही मिळणार, त्या आठवड्यात मिळेल. काहीतरी राहीलच, मी आजवर इतक्या वेळा गेले आणि दर वेळी काहीतरी राहिलंय, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालंय किंवा त्याच्यावाचून चाललंय.

आणि शाल घे. कोण काय म्हणतं ते राहू दे. विमानात पांघरूण, रात्रीच्या बसमध्ये उशी, लिस्बनच्या पावसाळी संध्याकाळी गळ्याभोवती, आणि एखाद्या अनोळखी खोलीत पहिल्या रात्री झोप येत नसेल तेव्हा नुसती जवळ. ती बॅगेत घालू नकोस, प्रवासाच्या दिवशी अंगावर घे, काउंटरवर वजन बॅगेचं करतात. मशीनमध्ये आणि गरम पाण्यात मात्र कधी टाकू नकोस, लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. थंड पाण्यात थोडा शाम्पू घालून हलक्या हाताने धू, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरून वाळवायची, दोरीवर टांगलीस तर ओल्या वजनाने ताणली जाईल. मधल्या गरमीच्या महिन्यांत पूर्ण कोरडी करून झिपलॉकच्या पिशवीत ठेव आणि पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून झटक, कसर लागायला नको तिला.